कादंबरीला सन, कागदाला लेखक

पेनसिल्व्हेनियात मुलांना घरी शिकवायचं तर कायद्यानं एक दप्तर ठेवावं लागतं. वर्षभरात वापरलेल्या पुस्तकांची नावानिशी नोंद, मुलांच्या लेखनाचे नमुने, आणि १८० दिवस किंवा ठरलेले तास शिकवल्याचा हिशेब. वर्षाच्या शेवटी एक पात्र शिक्षक किंवा मानसशास्त्रज्ञ ते दप्तर तपासतो, मुलाशी बोलतो आणि शिक्षण नीट झाल्याचं लिहून देतो. शेजारच्या न्यू जर्सीत यातलं काहीच लागत नाही. मला मात्र हे दप्तर हवंसं वाटतं. मुलांपुढे आपण काय ठेवलं आणि काय ठेवलं नाही, ते त्यात स्पष्ट दिसतं.

यंदा ते दप्तर दादानंही वाचलं. साताऱ्याला कॉलेजात त्यानं आयुष्यभर इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर तो आमच्याकडे फिलाडेल्फियाजवळ राहायला आला. माझी मुलगी १६ वर्षांची, मुलगा १४ वर्षांचा. दोघांना अमेरिकेचा इतिहास आणि अमेरिकेचं साहित्य मी एकत्र शिकवते. दादाला ते पटलं नाही. त्याचे आक्षेप मी शक्य तितके त्याच्याच शब्दांत देते, कारण ते वजनाचे आहेत आणि होमस्कूलिंग करणाऱ्या घरांत ते फारसे कानावर येत नाहीत.

दादा : १६९२ सालाखाली तू काय लिहिलंयस बघ. सेलमचे चेटुकाचे खटले, वाचन : आर्थर मिलर, 'द क्रूसिबल'. अगं, हे नाटक १९५३ चं आहे. सेलममध्ये १९ जणांना फाशी दिलं, जाइल्स कोरीला अंगावर दगड रचून मारलं. त्या चौकशीच्या नोंदी छापलेल्या आहेत, ग्रंथालयात मिळतात. नाटकातली ॲबिगेल १७ वर्षांची आणि जॉन प्रॉक्टर पस्तिशीतला, दोघांचं प्रेमप्रकरण. खरी ॲबिगेल ११-१२ वर्षांची पोर होती आणि प्रॉक्टर साठीचा. पोरांच्या डोक्यात कोणता प्रॉक्टर राहणार?

मी : ती नोंद एकटी वाचू नकोस. १९५० च्या दशकाखाली तेच नाटक पुन्हा आहे. पॅसेजमधल्या भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावलीय ना, तिच्यावर प्रत्येक पुस्तक दोनदा येतं. ज्या काळाबद्दल लिहिलंय तिथे निळ्या शाईत, जेव्हा लिहिलंय तिथे लाल शाईत. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांना समित्यांपुढे उभं करत होते, तेव्हा मिलरनं सेलमकडे पाहिलं. १९५६ मध्ये त्यालाच बोलावणं आलं, त्यानं दुसऱ्यांची नावं सांगायला नकार दिला, १९५७ ला दोषी ठरला, १९५८ ला वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला. ॲबिगेलचं वय वाढवल्याचं त्यानं पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगितलंय. ते वय का बदललं, यावर मुलीचा निबंध दप्तरात आहे.

दादा : मग निळी शाई खोडून टाक. हे नाटक १९५३ चं साधन आहे, १६९२ चं नाही.

मी : मला दोन्ही हवंय. लाल शाईनं मुलांना मिलर समजतो. निळ्या शाईमुळे ती सेलमच्या नोंदी उघडतात. नाटक वाचलं नसतं तर सेलममधल्या आरोपी रिबेका नर्सची जबानी माझ्या मुलानं आपणहून शोधली नसती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत होमस्कूलिंगसाठी तयार मिळणारे बरेच अभ्यासक्रम फक्त निळी शाई वापरतात. क्रांतीचा धडा आला की क्रांतीवरची कादंबरी, यादवी युद्ध आलं की त्या युद्धावरची. पुस्तक कधी लिहिलं हे मुखपृष्ठाच्या आत कुठेतरी राहून जातं. स्टीफन क्रेनची 'द रेड बॅज ऑफ करेज' ही कादंबरी १८९५ ची. युद्ध संपलं १८६५ ला आणि क्रेनचा जन्म १८७१ चा. माझ्या मुलानं ती एखाद्या सैनिकाची आठवण म्हणून वाचली होती. लाल शाईची खूण करायला जन्मसाल बघितलं आणि तो तसाच उभा राहिला. मग याला रणांगणातली भीती कशी कळली, हा त्याचा प्रश्न. क्रेननं 'सेंच्युरी' मासिकात आलेली जुन्या सैनिकांची लेखमाला वाचली होती. मुलानं ते खंड ग्रंथालयातून मागवले आणि वाचून झाल्यावर म्हणाला, सैनिक तर भीतीबद्दल लिहीतच नाहीत, कोणती तुकडी कुठे होती एवढंच सांगतात. इतिहासाचा तास कुठे संपला आणि साहित्याचा कुठे सुरू झाला, हे मला तरी सांगता यायचं नाही.

दादाला हा प्रसंग आवडला, पण त्यानं मुद्दा सोडला नाही.

दादा : कादंबरीची इतकी तपासणी करायची तर थेट कागदांकडे का जात नाहीस? आम्ही राजवाड्यांच्या परंपरेतली माणसं. बखर कितीही रसाळ असली तरी अस्सल चिटोऱ्याचं मोल तिला नाही. आपल्याकडे काय झालं ते तू पाहिलंयस. 'स्वामी' वाचून लोकांनी माधवराव पेशवा डोळ्यांपुढे उभा केला. वर्गात मी पत्रव्यवहार काढला की मुलं म्हणायची, सर, पण पुस्तकात तर असं आहे. पुस्तक म्हणजे कादंबरी. आणि तुमच्या अमेरिकेत तर याहून भयंकर झालंय. यादवी युद्धानंतरची बारा वर्षं घे. गुलामगिरीतून सुटलेली माणसं मतं देत होती, निवडून येत होती, शाळा काढत होती. थॉमस डिक्सननं १९०५ मध्ये 'द क्लॅन्समन' कादंबरी लिहिली, १९१५ ला तिच्यावर 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट निघाला, आणि त्याच वर्षी जॉर्जियात क्लॅन, काळ्या माणसांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना, पुन्हा उभी राहिली. नंतर १९३६ ला 'गॉन विथ द विंड'. कादंबऱ्यांनी एका देशाला त्याचा इतिहास खोटा शिकवला आणि लोक तो मानून बसले. तुला अजून दाखला हवाय?

मी : दाखला पुरा सांग ना, दादा. ज्या काळात डिक्सन लिहीत होता त्याच काळात कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग शिकवत होते. ते आणि त्यांचे विद्यार्थी कागदपत्रं तपासणारे, तळटीपा देणारे, रीतसर इतिहासकार. त्यांनी काय लिहिलं? काळ्या माणसांना मताचा हक्क देणं ही चूक होती, ती राज्य चालवायला लायक नव्हती. पुढे अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत तेच छापलं गेलं. कादंबरी आणि इतिहास दोघांनी एकच खोटं सांगितलं. १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' लिहिलं, त्याचं शेवटचं प्रकरण मुद्दाम वाच. रोख कादंबरीकारांवर नाही, इतिहासकारांवर आणि पाठ्यपुस्तकांवर आहे.

दादा : पण ती चूक सुधारली कशानं? कागदांनीच.

मी : कागद तर आधीपासून होतेच. डु बॉइसनी मुख्यतः छापील सरकारी अहवाल आणि आधीचीच पुस्तकं वापरली. बदलला तो प्रश्न. हा कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, कोणाला यात तोंडच नाही, हे त्यांनी विचारलं. साहित्याच्या तासाला आम्ही दुसरं काय करतो?

यावर दादानं लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो मुलांच्या तासाला बसला. त्या दिवशी टेबलावर कादंबरी नव्हती, एक जाहिरात होती.

२४ मे १७९६ ची फिलाडेल्फियाची जाहिरात. राष्ट्राध्यक्षांच्या घरातून ओना जज नावाची गुलाम तरुणी पळून गेली आहे, पकडून देणाऱ्यास दहा डॉलर. राष्ट्राध्यक्ष म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन, राजधानी तेव्हा फिलाडेल्फियात होती. ते घर ज्या जागी होतं ती सहाव्या रस्त्याजवळची मार्केट स्ट्रीटवरची जागा मुलांनी पाहिलेली आहे. जाहिरातीवर सही घरच्या कारभाऱ्याची, फ्रेडरिक किटची. तिच्या चेहऱ्यावरचे ठिपके, काळेभोर डोळे, दाट केस, ती बारीक चणीची आहे हे, तिच्याजवळ कपडे पुष्कळ आणि चांगले आहेत हे, सगळं नोंदवलेलं. आणि एक वाक्य अशा अर्थाचं, की ती जाईल अशी शंका नव्हती आणि तिनं जावं असं काही घडलंही नव्हतं.

मुलीनं त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ ओढली. बाजूला लिहिलं, काही घडलं नव्हतं हे कुणी ठरवलं?

मग मी १७८० चा पेनसिल्व्हेनियाचा कायदा पुढे केला. बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम राज्यात सलग सहा महिने राहिला तर तो मुक्ततेचा दावा करू शकत असे. वॉशिंग्टन यांच्या घरातले गुलाम ती मुदत भरण्याआधी राज्याबाहेर नेऊन परत आणले जात. त्यानंतर खुद्द ओना जजची हकिगत. १८४० च्या दशकात, न्यू हॅम्पशायरमध्ये म्हातारी झालेली असताना तिनं सांगितलेली आणि वर्तमानपत्रांत छापून आलेली. मार्था वॉशिंग्टन यांच्या नातीला आपण दिलं जाणार हे कळल्यावर घरातली माणसं जेवायला बसली असताना ती निघाली. कायद्यानं ती कधीच मुक्त झाली नाही. पुढचं आयुष्य फार कष्टाचं गेलं, तरी गेल्याचा पस्तावा नाही असं तिनं सांगितलं.

मुलगा म्हणाला, म्हणजे जाहिरात खोटी आणि हे खरं.

दादा : थांब. ही हकिगत कोणत्या वर्तमानपत्रांनी छापली? गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्रांनी. तिनं स्वतः लिहिली का? नाही, ऐकणाऱ्यानं लिहून घेतली. घटनेला किती वर्षं लोटली? जवळपास पन्नास. मी हिला खोटं म्हणत नाही. पण जाहिरातीला जे प्रश्न विचारलेस ते हिलाही विचार. आणि एक बघ, जाहिरातीतली कपड्यांची माहिती खोटी असण्याचं कारण नाही, कारण कारभाऱ्याला ती सापडायला हवी होती. ज्या कागदाचा हेतू वाईट आहे त्यातलीही एखादी माहिती पक्की असते.

अशी तपासणी मला येत नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी. शब्दांमागचा माणूस मला दिसतो. कोणत्या माहितीवर किती भार टाकायचा, हे दादाला कळतं. मुलांना दोन्ही हवं, आणि एकाच टेबलावर, एकाच कागदावर हवं. शाळेत हे दोन तास वेगवेगळ्या शिक्षकांकडे, वेगवेगळ्या मजल्यांवर असतात. घरी शिकवण्याचा मला दिसलेला सगळ्यांत मोठा लाभ हा, की ती भिंत आपल्याला पाडता येते.

दादानं मग दुसरी बाजू लावून धरली, आणि ती जास्त अवघड होती.

दादा : तुझ्या पट्टीवर रिकाम्या जागा कुठे आहेत ते मी पाहिलं. १७८७ ची राज्यघटना, तिथे काही नाही. १८६२ चा होमस्टेड कायदा, १६० एकर जमीन, ज्यानं केवढ्या तरी जमिनीची मालकी ठरली, त्याला एक ओळ. आयात-करांवरचे वाद नाहीत. १८७३ ची मंदी नाही. ती तर तुझ्या फिलाडेल्फियातल्या जे कुक यांच्या बँकेपासून सुरू झाली. ज्याच्यावर चांगली कादंबरी नाही ते तुझ्या इतिहासातून गळतं. देश चालतो तो करांवर, व्याजावर आणि कोर्टाच्या निकालांवर.

मी : हे मला मान्य आहे. पण उलटंही गळतं, आणि त्याची मला जास्त काळजी आहे. एमिली डिकिन्सनचं काय करू? १८६१ ते १८६५ या युद्धाच्या वर्षांत तिनं सर्वांत जास्त कविता लिहिल्या. एकूण सुमारे १,८००, आणि ती जिवंत असताना छापल्या गेल्या त्या जेमतेम दहा. लढायांची नावं शोधायला गेलास तर तिथे काही सापडणार नाही. युद्ध समजावं म्हणून तिला शिकवलं तर कविता मरते. म्हणून तिला मी पट्टीवर घेतलेलंच नाही. सकाळी एक कविता मोठ्यानं वाचतो, तिच्यावर प्रश्न विचारत नाही.

दादा : मग माझ्या करांनाही तशीच वेगळी सकाळ दे.

मी : देते. पण कोर्टाचे निकाल मी सोडलेले नाहीत. १९२३ चा भगतसिंग थिंड यांचा निकाल मुलांनी पूर्ण वाचलाय. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेला माणूस, त्याला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तू गोरा नाहीस, म्हणून नागरिकही नाहीस. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित. पुढे सरकारनं पंडितांचंही नागरिकत्व काढायचा प्रयत्न केला, तो खटला मात्र ते जिंकले. मुलांना निकालातला कायदा समजला. पण अशी भाषा बोलणारी माणसं घरात कशी बसतात, काय खातात, हे त्यांना दिसलं 'द ग्रेट गॅट्सबी'च्या पहिल्या प्रकरणात. श्रीमंताचं जेवणाचं टेबल, आणि गोरा वंश बुडणार म्हणून चिंता करणारा टॉम ब्युकॅनन. कादंबरी १९२५ ची. बाहेरच्यांचा लोंढा अडवणारा कायदा १९२४ चा, निकाल १९२३ चा. मुलगा म्हणाला, आपल्याबद्दलच बोलतायत की. हे मी शिकवलेलं नाही, त्यानं ओळखलं.

आईबापांच्या कलाचा प्रश्नही निघाला. वर्गात शिक्षकाच्या मताला सहकारी, पालक, दुसरा शिक्षक असा कुठेतरी छेद जातो, घरी आईच सर्वस्व. यावर माझ्याकडे पुरं उत्तर नाही. दोन परस्परविरोधी पुस्तकं एकत्र ठेवणं एवढंच करता येतं. मार्क ट्वेनचा 'हकलबरी फिन' वाचला की लगेच पर्सिव्हल एव्हरेटची २०२४ ची 'जेम्स', ज्यात तीच कथा गुलाम जिम सांगतो. ट्वेनची बाजू मुलीनं घेतली, जिमची मुलानं, आणि मी गप्प बसले. गप्प बसणं ही शिकवण्यातली अवघड गोष्ट आहे.

शेवटचा वाद निघाला तो दादानं स्वतः आणलेल्या पुस्तकावरून. महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी', १८७३. ती त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामगिरी नाहीशी केल्याबद्दल. मुलांनी ती अर्पणपत्रिका दादाबरोबर वाचली आणि १८७३ वर लाल खूण केली. त्याच वर्षी १३ एप्रिलला लुइझियानातल्या कोलफॅक्समध्ये गोऱ्यांच्या टोळीनं काळ्या माणसांची कत्तल केली. इतिहासकार साठपासून दीडशेपर्यंत आकडे देतात. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात चौदाव्या घटनादुरुस्तीचा अर्थ आखडून टाकला. मुलगी रागावलीच. हे माहीत नव्हतं का त्यांना, मग कौतुक कशाचं?

दादा : अर्पणपत्रिका म्हणजे बातमी नव्हे, बाळ. ती कुणाला उद्देशून आहे बघ. नाव अमेरिकेचं आहे, पण सांगणं आपल्याकडच्या लोकांना आहे. तिकडच्या माणसांनी आपल्या गुलामांसाठी एवढं केलं, तुम्ही शूद्र बांधवांसाठी काय करणार? त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी सत्यशोधक समाज काढला. अमेरिका त्यांच्यासाठी एक दाखला होती.

मी : दादा, तू आत्ता जे केलंस ते साहित्याचं वाचन आहे. लेखक कुणाशी बोलतोय, हे तू शब्दांच्या पलीकडे जाऊन पाहिलंस. आणि 'गुलामगिरी' आहे कशी? धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवाद. तू ती वर्षानुवर्षं इतिहासाचं साधन म्हणून शिकवलीस, आणि लिहिलीय ती दोन पात्रांच्या बोलण्यातून.

दादा : कबूल. पण कोलफॅक्सचा सन आणि तारीख माहीत नसती तर या पोरीला राग आला नसता, आणि राग आला नसता तर ती अर्पणपत्रिका तिनं नुसती अभिमानानं वाचली असती.

एवढ्यावर आम्ही पुढच्या सत्राचं ठरवलं. १८७३ हे एक साल घ्यायचं. दादा दर शनिवारी कागद शिकवणार. बँकेचं बुडणं, कोर्टाचा निकाल, कोलफॅक्स आणि तिथल्या आरोपींना सोडवणारा १८७६ चा निकाल. मी त्याच्या जोडीला चार्ल्स चेस्नटची १९०१ ची 'द मॅरो ऑफ ट्रॅडिशन' वाचून घेणार, जिच्या मुळाशी १८९८ ची विल्मिंग्टनमधली हिंसा आहे. २५ वर्षांत कोलफॅक्सपासून विल्मिंग्टनपर्यंत देश कसा आला, हा दोघांनी मिळून विचारायचा प्रश्न.

आधी काय वाचायचं यावर मात्र आमचं अजून जमत नाही. दादा म्हणतो, आधी कागद, कारण कादंबरीनं एकदा चित्र उभं केलं की ते पुसता येत नाही. माझं म्हणणं, १४ वर्षांच्या मुलाला आधी माणूस भेटायला हवा, नाहीतर निकालातल्या नावांना तो माणसं समजतच नाही. तेव्हा मुलगी कागदांपासून सुरुवात करेल, मुलगा कादंबरीपासून, आणि महिन्यानं दोघं एकमेकांच्या वह्या वाचतील.